वास घेतलेली फुले

७ जुलै १९४६, रविवार

नवी वही. आजपासून रोजनिशी. ही दुसऱ्या कोणी वाचायची नाही, म्हणून हिच्यात फक्त खरे लिहायचे.

आज आमच्या कोपरगाव फुलबाग मंडळाची मीटिंग हेमचंद्र वकिलांच्या ओट्यावर झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आठ-दहा हौशी मंडळी जमतो आणि आपापल्या बागेत या ऋतूत काय फुलले, काय सरले ते एकमेकांना सांगतो. मग चहा-चिवडा. वकील स्वतःच्या डेलियांवर इतके बोलले की माझी पाळी येईपर्यंत चिवडा संपला. मी सांगितले की माझी तगर कळ्यांनी लगडली आहे, जास्वंद डोक्याच्या वर गेली आहे आणि सोनटक्क्याचा घमघमाट रस्त्यापर्यंत जातो. यातले काही अजून व्हायचे आहे. पण होणार हे नक्की, मग आधी सांगितले तर बिघडले कुठे?

अध्यक्ष काकासाहेबांनी (रिटायर्ड मामलेदार) जाहीर केले की वार्षिक पाहणी ३ नोव्हेंबरला. ज्याची बाग उत्तम त्याच्या घरी मंडळाची पितळी झारी वर्षभर राहणार. गेली दोन वर्षे ती वकिलांकडे आहे. आज त्यांनी मुद्दाम तिच्यातूनच आम्हाला प्यायला पाणी दिले. असला भपका मला आवडत नाही.

संकल्प: यंदा झारी माझी. रोज पहाटे पाचला उठून बागेत काम.

८ जुलै

साडेसातला उठलो. रात्रभर पाऊस पडत होता, म्हणजे झाडांना पाणी घालायचे नव्हतेच. पाचला उठून केले काय असते?

१० जुलै, आषाढी एकादशी

बनुआत्या आली. अकोल्याहून सर्व्हिस मोटारने. बरोबर वळकटी, तांब्याचे ताम्हन आणि चिंचोक्यांचा डबा. मुक्काम चार महिने. आई गेल्यावर हिनेच मला वाढवले, त्यामुळे तिच्यापुढे मी कालवा ऑफिसातला सीनियर क्लार्क वगैरे कोणी नसतो, शाम्या असतो.

चातुर्मासात तिने शंकराला फुलांची लाखोली वाहायची धरली आहे. कार्तिकी एकादशीपर्यंत एक लाख फुले. शंभर वाहून झाली की एक चिंचोका डब्यातून बरणीत. सौ. सुनीतीने विचारले, आत्याबाई, इतकी फुलं आणायची कुठून? आत्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, तो देतो गं.

मी दोघींना सांगितले की माणसाला काहीतरी नेम असावा, माझी हरकत नाही. माझी हरकत कोणी विचारली नव्हती हा भाग वेगळा.

१३ जुलै

बागेत चोरी. तगर साफ. जास्वंदीवर औषधाला फूल नाही. कुंपणाशी चिखलात अनवाणी पाऊल उमटले आहे, बरेच लहान. वकिलांचे पाऊल मोठे आहे आणि ते चपला घालतात, पण चोरीला येताना माणूस चपला काढणारच. आणि चिखल वाळला की आकसतो. संशयाला जागा नाही.

१५ जुलै

बागेत पाटी रोवली. ‘फुले तोडू नयेत. हुकमावरून.’ अक्षर उत्तम आले आहे. ऑफिसातला रंग वापरला.

१६ जुलै

आज चक्क साडेपाचला उठलो (ढेकूण). बागेत पाहतो तर आत्या माझी पाटी उपटून, चिखलात आडवी टाकून, तिच्यावर उभी राहून जास्वंदीच्या शेंड्याला हात घालते आहे. मला पाहून म्हणाली, ही फळी बरी आणून ठेवलीस रे शाम्या, पाय रुतत होते माझे.

मी स्पष्ट सांगितले की याला चोरी म्हणतात. ती म्हणाली, देवाच्या फुलांना कोणी चोरी म्हणतं का? साऱ्या आळीला विचार. मी म्हटले, फुले झाडावर शोभतात. तिने विचारले, कोणाला? मी म्हटले, मंडळाला. ती म्हणाली, तुझं मंडळ देवाहून मोठं झालं का रे? यावर माझ्याकडे सडेतोड उत्तर होते, पण आंघोळीचे पाणी निवत होते.

२० जुलै

आज कळले की लाखोली माझ्यासाठीच आहे.

आत्या म्हणाली, गेल्या दिवाळीला अकोल्याला आला होतास तेव्हा तोंड पाडून बसला होतास. झाडं वाढतात पण फुलत नाहीत म्हणालास. जेवलासुद्धा नाहीस नीट. मी तेव्हाच महादेवाला बोलले, माझ्या शाम्याची बाग फुलू दे, तिथल्याच फुलांपासून सुरुवात करून तुला लाख फुलं वाहीन. बघ, फुलली ना?

मी तिला समजावून सांगितले की बाग शेणखताने फुलली. ती म्हणाली, मग मागच्या वर्षी काय घातलं होतंस? मागच्या वर्षी शेणखतच घातले होते. पण हा प्रश्न गैरलागू आहे. एकंदरीत देवाने माझी बाग फुलवायची आणि मोबदल्यात सगळी फुले घेऊन जायची, असा हा व्यवहार आहे. ऑफिसात असले टेंडर मी पास होऊ दिले नसते.

४ ऑगस्ट, रविवार

मंडळाची मीटिंग. सांगितले की माझ्या बागेत इतकी फुले येतात की घरातली बायकामाणसे तोडून तोडून थकतात. शब्द न् शब्द खरा. वकिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

१० ऑगस्ट

युक्ती सापडली. कशी सुचली ते लिहून ठेवतो.

सकाळी आत्याची परडी देवघरासमोर होती. सुनीतीने जाता जाता त्यातला गुलाब उचलून नाकाला लावला, सवयीने. आत्या गरजली. अगं, वास घेतलास? आता तो देवाला चालतो होय? आणि तो गुलाब तिने खिडकीतून बाहेर फेकला.

म्हणजे वास घेतलेले फूल देवाला चालत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होते, पण माहीत असणे वेगळे आणि उपयोग सुचणे वेगळे. उद्यापासून बागेतल्या एकूण एक फुलाचा मी वास घेणार. भांडण नाही, तंटा नाही. फुले झाडावर राहतील, आत्याचा धर्म तिच्यापाशी राहील.

११ ऑगस्ट

पहाटे पाचला उठलो. संकल्प अखेर पार पडला. तगर, कण्हेर, जास्वंद, गुलाब, सगळ्यांचा वास घेतला. जास्वंदीला वास नसतो, पण आपण घेतला की घेतला. मग आत्या परडी घेऊन आली तेव्हा तिला सांगितले. तिने कमरेवर हात ठेवले. म्हणाली, सगळ्यांचा? मी म्हटले, सगळ्यांचा. रिकामी परडी घेऊन आत गेली. बाग संध्याकाळपर्यंत नुसती डोलत होती. जेवताना आत्याने मला भाजी वाढली नाही.

१३ ऑगस्ट

पारिजातकाचे विसरलो होतो. त्याची फुले खाली पडलेलीसुद्धा देवाला चालतात, आणि पडतात तरी किती. आज झाडाखाली रांगत रांगत वास घेतला. तेवढ्यात चांगुणा दूध घालायला आली. (आमच्याकडे दूध आणि शेणखत दोन्ही तिचेच.) ती फाटकातच थबकली. मी ओणवा आणि नाक जमिनीला. म्हणाली, काय हुडकताय साहेब, काय पडलं व्हय? मी म्हटले, वास घेतोय. ती म्हणाली, मातीचा? मी म्हटले, फुलांचा, देवासाठी. तिने दुधाची चरवी खाली ठेवली आणि आत जाऊन सुनीतीला विचारले, बाई, साहेबाला बरं न्हाई का? माझ्या चुलत्याचं बी आसंच सुरू झालं हुतं.

अडाणी लोकांना शास्त्र कळत नाही.

१७ ऑगस्ट

नाकात मुंगी गेली. ऑफिसात हेडक्लार्कसमोर शिंका. पाणीपट्टीच्या रजिस्टरवर दोन ठिकाणी शाई फुटली. त्यांनी विचारले, सर्दी का? मी म्हटले, बागकाम.

१९ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

आत्या आता माझ्याआधी उठते. मी तिच्याआधी उठायला लागलो, तर ती त्याआधी. हे असे चालले तर आम्ही दोघे आदल्या दिवशीच उठू. म्हणून मी डोके चालवले आणि काल संध्याकाळीच सगळ्या कळ्यांचा वास घेऊन मोकळा झालो. आज निवांत झोपलो.

आठला उठून पाहतो तर सगळी फुले महादेवाच्या पिंडीवर. आत्या म्हणाली, कळीचा वास घेतला म्हणजे फुलाचा घेतला असं होत नाही. मी म्हटले, कळी तीच, फूल तेच. ती म्हणाली, मग तू लंगोटात होतास तेव्हाचं धरायचं का आता?

वाद गुरुजींकडे गेला. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि सांगितले की कळीला वास नसतो, म्हणून तो घेतला असे म्हणता येत नाही, सबब उमलल्यावर फूल निर्दोष. गुरुजी आत्याने केलेले साटोऱ्यांचे ताट पुढ्यात घेऊन बोलत होते. असल्या निकालाला मी निकाल मानत नाही. उद्यापासून पुन्हा पहाटे.

२५ ऑगस्ट

गुलाबात मधमाशी होती.

२६ ऑगस्ट

नाक दिसण्यासारखे सुजले आहे. रजा. डॉक्टरांनी फुलांपासून लांब राहायला सांगितले. त्यांना बागेची आवड नाही हे बोलण्यावरून कळतेच.

१ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस सोन्याचा. मीटिंगला तसाच गेलो. काकासाहेबांनी नाकाची चौकशी केली. मी म्हटले, रोज पहाटे प्रत्येक फुलाचा स्वतः वास घेतो, एकही सोडत नाही, त्यातून झाले. काकासाहेब गहिवरले. म्हणाले, मंडळी, आपण फुलं मोजतो, त्यांची नावं सांगतो, पण हा गृहस्थ त्यांना भेटतो. याला म्हणतात रसिक. सगळ्यांनी माना डोलावल्या. वकिलांनीसुद्धा. निघताना पाहिले तर ते स्वतःच्या डेलियात नाक घालून उभे होते. डेलियाला वास नसतो हे मी त्यांना सांगितले नाही.

झारी मिळाल्यात जमा आहे. दिवाणखान्यात कोनाडा रिकामा केला. सुनीतीने विचारले, तिथली समई कुठे ठेवू? मी म्हटले, कुठेही.

८ सप्टेंबर

आत्याची बरणी भरत नाही म्हणून ती कष्टी आहे. पाहवत नाही. शेवटी माझीच आत्या. तिला सहज बोलता बोलता सांगितले की वकिलांकडे तगरीची चार झाडे आहेत, काकासाहेबांचा पारिजातक तर रस्त्यावरच सांडतो. ती म्हणाली, मला त्यांची घरं कुठं माहीत? तेव्हा एका कागदावर नकाशा काढून दिला, आणि उंच फांद्यांसाठी आपली लांब काठीची आकडी. मी तिला कुठे जा म्हटलेले नाही. फक्त माहिती दिली.

१० सप्टेंबर

आत्या आळीतल्या दोन बायका बरोबर घेऊन पहाटे बाहेर पडते आणि पदर भरून आणते. दिवसातून वीस-पंचवीस चिंचोके सहज पडतात. मला पुन्हा भाजी मिळू लागली. आमच्या बागेत ती फिरकतसुद्धा नाही. तरी वास घेणे चालू ठेवले आहे, कारण बायकांचा भरवसा नाही.

२४ सप्टेंबर

दूध करपले. स्वयंपाकघरात मी समोरच बसलो होतो. सुनीती धावत आली आणि म्हणाली, अहो, घरभर वास सुटलाय, तुम्हाला कळलं नाही? खरोखरच कळले नाही. पेपर वाचत होतो, लक्ष नसेल.

६ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्यामुळे मीटिंगला सगळे हजर, पण सुतकी चेहऱ्याने. यंदाचा ऋतुपालट विचित्र आहे म्हणाले. वकिलांच्या तगरीला फूल ठरत नाही. काकासाहेबांचा पारिजातक उजाडायच्या आत रिकामा. झेंडू दसऱ्यालाच बोडका झाला. मी हवामानावर थोडे बोललो. गोदावरीचे बाष्प, कालव्याचा गारवा, वगैरे. ऐकत होते.

मग वकील म्हणाले, बाष्प देठासकट फुलं खुडत नाही. हा चोर आहे. मंडळाने चोर शोधण्यासाठी कमिटी नेमली. ज्याच्या बागेत अजून फुले आहेत त्याचेच मन थाऱ्यावर आहे, म्हणून कमिटीवर मला एकट्याला घेतले. किती हा विश्वास.

१३ ऑक्टोबर

कमिटीचा रिपोर्ट काकासाहेबांना दिला. चोर वानर असावेत. त्यांनी वाचून विचारले, वानर फुलं नेतात ती केळीच्या पानात बांधून नेतात का? कुंपणाशी पान सापडलंय. मी म्हटले, मोठे वानर असतील.

२० ऑक्टोबर

वकिलांनी कुत्रा आणला. बाकीच्यांनी फाटकांना कुलपे घातली. आत्या रिकामी परडी घेऊन परत आली, आणि लुगडे पिंढरीपाशी फाटले होते. दिवाळीच्या तोंडावर असले प्रकार करणाऱ्या माणसाला वकील कोणी केले?

१ नोव्हेंबर

माझी शेवंती अशी फुलली आहे की कुंडी दिसत नाही. गुलाब, झेंडू, तगर, सगळे रंगात. परवा पाहणी. गावात दुसऱ्या कोणाच्या बागेत पाहण्यासारखे काही उरलेले नाही, त्यामुळे निकालाची मला काळजी नाही.

संध्याकाळी आत्या शेजारी येऊन बसली. चिंचोक्यांचा डबा मांडीवर. तळाशी अजून बरेच होते. म्हणाली, शाम्या, एकादशी सोमवारी आहे. इतकी फुलं आता मला कोण देणार? मी म्हटले, राहिली थोडी तर देव काय रागावतो? तर तिच्या डोळ्याला पाणी आले. म्हणाली, माझ्यावर रागावला तर रागावू दे रे. पण मी तुझ्या नावानं बोलले आहे. अर्धवट राहिलं आणि तुला काही झालं तर मी कोणाकडे बघू? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही माझा.

आत्याला मी रडताना फारसे पाहिलेले नाही.  लगेच शब्द दिला: रविवारी पाचला पाहणी संपली की बागेतले फूल न् फूल तुझे. तोवर मी एकाचाही वास घेणार नाही. ओल्या फडक्यात ठेव, सोमवारी पहाटे वाहा. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भाजी दोनदा वाढली.

झारीही माझी आणि पुण्यही माझे. प्लॅन असा करावा लागतो.

३ नोव्हेंबर, रविवार, रात्री जेवण न करता

मंडळ चारला आले. फाटकातच सगळे थांबले आणि वा वा म्हणाले. काकासाहेब म्हणाले, सगळीकडे दुष्काळ आणि इथे नंदनवन, याचं रहस्य काय? मी म्हटले, कष्ट. वकील झारी स्वतः घेऊन आले होते, फडक्यात गुंडाळून. तिच्याकडे बघायचे नाही असे ठरवले होते, तरी बघितलेच.

आणि काकासाहेब म्हणाले, मंडळी, या बागेत नुसतं बघणं म्हणजे यजमानांचा अपमान. आपण यांच्याच पद्धतीनं बाग पाहायची. असे म्हणून त्यांनी पहिल्या गुलाबाला नाक लावले आणि दीर्घ श्वास घेतला. मागोमाग वकील. मागोमाग सगळे मंडळ, रांगेने, प्रत्येक फुलापाशी थांबून.

मी आधी बघत राहिलो. कौतुक माझेच चालले होते. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे लक्ष गेले. आत्या परडी घेऊन उभी होती, मागे त्या दोन बायका. वकील एक फूल सोडून दुसऱ्याकडे वळले की तिचा हात पदराकडे जायचा.  चार माणसांत मला कमीपणा येईल असे ती आजवर कधी बोललेली नाही.

काकासाहेब शेवंतीकडे वाकले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, वास घेऊ नका.

सगळे थांबले. काकासाहेब म्हणाले, काय म्हणालात? मी म्हटले, लांबून बघा, वास घेऊ नका, ती देवाची आहेत, आमच्या आत्याची लाखोली आहे. आणि मी शेवंतीच्या कुंड्यांपुढे हात पसरून उभा राहिलो. हे मी का केले ते अजून नीट कळलेले नाही. झारी फडक्यातून अर्धी बाहेर आली होती.

वकिलांनी विचारले, लाखोली कधीपासून? मी म्हटले, आषाढीपासून. आत्तापर्यंत किती झाली? मी अभिमानाने म्हटले, अठ्ठ्याण्णव हजारांवर. ती कुठून आली? मी म्हटले, देव देतो. वकील म्हणाले, पण तुम्ही तर रोज पहाटे तुमच्या सगळ्या फुलांचे वास घेत होता. मी म्हटले, एकही सोडत नव्हतो. ते म्हणाले, म्हणजे तुमच्या बागेतली देवाला चालत नव्हती. मी म्हटले, मुळीच नाही. ते म्हणाले, मग देव ती कोणाच्या बागेतून देत होता?

उलटतपासणीत मी कुठेही अडखळलो नाही. तरी शेवटच्या प्रश्नाला सगळे मंडळ माझ्याकडे वळले.

मग आत्याच पुढे आली. म्हणाली, तुमच्या बागेतली घेतली. देवासाठी घेतली, डोक्यात माळायला नाही. तुमचा कुत्रा लई वाईट आहे. आणि तुमच्या तगरीला पाणी कमी पडतं. वकिलांनी हात जोडले. काकासाहेबांनी जोडले. देवाच्या फुलांसाठी म्हातारीला कोण बोलणार? काकासाहेबांनी फक्त विचारले, पण बाई, तुम्हाला आमची घरं कशी सापडली? आत्याने कनवटीचा नकाशा काढून दिला. त्यावर खाली मी सही केली होती. ऑफिसची सवय.

आत्याला कोणी काही म्हटले नाही. मलाही कोणी काही म्हटले नाही, पण ते निराळ्या प्रकारे. वकिलांनी आत्याला सांगितले की पहाटे या, कुत्रा बांधून ठेवतो, हवी तेवढी न्या. बाकीचेही तेच म्हणाले. सगळ्यांनी माझा चिवडा संपवला आणि गेले. झारी पुन्हा फडक्यात गेली.

४ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

पहाटेपासून आत्यामागे टोपली घेऊन हिंडलो. वकील फाटकात उभे होते. म्हणाले, या, आज नकाशा लागणार नाही ना? बांधलेल्या कुत्र्यानेही मला ओळख नसताना चावण्याचा प्रयत्न केला. शेवटी आमची उरलेली शेवंती, वास न घेतलेली, तीही उतरवली.

दुपारी शेवटचा चिंचोका बरणीत पडला. आत्या पिंडीपुढे डोके टेकून बराच वेळ उठलीच नाही. माझ्या डोळ्यांतही पाणी आले. उदबत्तीचा धूर फार होता.

संध्याकाळी काकासाहेबांचा निरोप: गावात आता हुंगलेल्या फुलांखेरीज कोणाच्याच बागेत फूल नाही, तुलना अशक्य, सबब झारी यंदाही वकिलांकडे. चोर शोधण्याची कमिटी बरखास्त.

सुनीतीने समई परत कोनाड्यात ठेवली. विचारले नाही.

६ नोव्हेंबर

आत्या सकाळच्या मोटारने अकोल्याला गेली. निघण्याआधी तिने बागेत शेवटचा उरलेला गुलाब खुडला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, आता हा तुझा, घे वास. चार महिन्यांत आपल्या हौसेने घेतलेला हा पहिलाच वास. घेतला. काहीच नाही. पुन्हा घेतला. दुसऱ्या नाकपुडीने घेतला. कागद हुंगावा तसे. सुनीती म्हणाली, अहो, दोन हातांवरून मला येतोय.

आत्या घाबरली. माझे नाक चिमटीत धरून उजेडात वळवून पाहिले. मग मोटारीत बसता बसता, सगळ्या उतारूंदेखत, कपाळाला हात लावून म्हणाली, काळजी करू नकोस शाम्या, मी आत्ताच महादेवाला बोलले. तुझं नाक बरं झालं की पुढच्या आषाढीला येते आणि सव्वा लाख वाहते. सगळी तुझ्याच बागेतली.

डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, थेंब घातले की पंधरा दिवसांत नाक पहिल्यासारखे होईल.

थेंबांची बाटली शेवंतीच्या कुंडीत ओतून टाकली.